शिमगा, काजू आणि माकडताप

मुंबईच्या चाकरमान्याला गावाकडे जायला वर्षातून तीन निमित्तं असतात: गणपती, शिमगा आणि मे महिना. गणपती पावसात येतो, त्यामुळे त्याचं सोडा. उरलेली दोन्ही निमित्तं माकडतापाच्या, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या एका विषाणूच्या तापाच्या, ऐन हंगामात पडतात. तळकोकणात, विशेषतः दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या पट्ट्यात, जानेवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत हा ताप डोकं वर काढू शकतो. आणि आपण मुंबईकर नेमके तेव्हाच हाफ पँट घालून काजूच्या बागेत फोटो काढत असतो.

यंदा शिमग्याला आम्ही मामीकडे गेलो, दोडामार्गच्या पलीकडच्या एका वाडीत. कोकणकन्येने सावंतवाडी रोडला उतरलो, पुढे मामेभावाची गाडी. बांद्याला हायवे सोडला की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना काजी सुरू होतात. 'काजूची झाडं' असं तिथे कोणी म्हणत नाही, 'काजी' म्हणतात. मार्चमध्ये या रस्त्याला पिकल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, आंबूस गोड वास असतो, काचा बंद केल्या तरी गाडीत शिरतो. एका अंगाला गोवा, घाट चढून गेलात की कर्नाटक, मध्ये तिलारीचं धरण. 2002 साली कर्नाटकातून हत्ती उतरले ते याच भागात. राज्यांच्या सीमा हत्तींना कळत नाहीत, तशा गोचिडांनाही कळत नाहीत.

पहिल्याच सकाळी नवरा चहा पिऊन बागेकडे निघाला. मामी पडवीतून ओरडली, "जावयबापू, ह्या हाफ पँटीत खंय चललात?" जावयाला ओरडायचं नसतं हा नियम काजूच्या हंगामात बहुधा लागू नसावा. तिने त्याला मामाची जुनी फुल पँट दिली, तिचे पाय मोज्यांत खोचायला लावले आणि आरोग्य केंद्रातून मिळालेली तेलाची बाटली पुढे केली. घोटे, पोटऱ्या, मान, मनगटं, सगळीकडे चोळायचं. अंगावर गोचीड चढू नये म्हणून. नवऱ्याचा अवतार बघून भाचरं हसत होती, पण तीसुद्धा तेल लावूनच बाहेर पडली होती.

वाडीतल्या लोकांना हे कोणी शिकवावं लागत नाही, कारण 2016 मध्ये महाराष्ट्रातली माकडतापाची पहिली साथ दोडामार्ग तालुक्यातच आली. पुढच्या वर्षी ती बांदा, सातोसे भागात पोचली. दोडामार्गच्या आदल्या वर्षी, 2015 मध्ये, ती पलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आली होती. मूळ गोष्ट मात्र 1957 सालची, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातली. क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले लोक, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे पूर्वसूरी, तिथे धावले. माकडं मरतात म्हटल्यावर पहिली शंका आली पीतज्वराची, जो भारतात कधीच नव्हता. निघाला भलताच विषाणू, आणि त्याचे जवळचे नातेवाईक सापडले थेट रशियातल्या गोचीड-तापांत. म्हणून पुस्तकातलं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आणि मामीच्या तोंडी माकडताप.

या नावाने माकडाला उगाच बदनाम केलंय. ते बिचारं आपल्यासारखंच बळी. विषाणू फिरतो गोचीड आणि रानातले उंदीर, चिचुंद्री यांच्यात. वानर किंवा तांबड्या तोंडाचं माकड त्यात सापडलं की बहुतेकदा मरतं, आणि अंग गार पडलं की त्याच्यावरचे गोचीड उतरून पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत, पसरतात. मग त्या जागी जो बिया गोळा करायला, लाकडं तोडायला किंवा भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, पातेरा भरायला वाकतो, त्याच्या पायावर ते चढतात. गुरं आजारी पडत नाहीत, पण मोठ्या गोचिडांना पोसतात आणि गोठ्यापर्यंत आणतात. माणसापासून माणसाला मात्र हा ताप होत नाही, त्यामुळे आजाऱ्याला वाळीत टाकायचं काहीच कारण नाही.

शेजारचे तात्या त्या साथीत आजारी पडले होते. संध्याकाळी मांडावर ढोल सुरू व्हायच्या आधी ते पडवीत येऊन बसले आणि मी विषय काढला. "सकाळी काजीत बियो जमवलंय, दुपारी जेवक बसलंय आणि हुडहुडी भरली," ते म्हणाले. ताप कधी आला ते त्यांना जेवणाच्या ताटासकट आठवतं. माकडताप असाच येतो, आधी कणकण, मग थोडा, मग जास्त असा नाही. एकदम थंडी, कपाळ फुटेल असं डोकं, कंबर आणि पोटऱ्या पिळून काढल्यासारख्या, उलट्या, डोळे लालभडक. काहींच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं.

आठवड्याभरानंतर तात्यांचा ताप उतरला. आता बरे झाले म्हणून घरी आणलं, पेज जेवायला लागले. आणि मग मधले काही दिवस गेल्यावर डोकेदुखी पुन्हा उपटली, मान आखडली, हात कापायला लागले. "बशीत चाय ओतूक येयना," म्हणत त्यांनी हात पुढे करून दाखवला. आता तो स्थिर होता. दर दहांत एक-दोघांना हा दुसरा टप्पा गाठतो आणि त्यात मेंदूपर्यंत मजल जाऊ शकते. या आजारात शंभरांत साधारण तीन ते पाच जण दगावतात. विषाणूवर खास औषध नाही. सलाईन, पॅरासिटामॉल, रक्तस्रावावर लक्ष आणि भरपूर आराम, एवढंच हातात असतं. पण ते वेळेवर मिळणं म्हणजे पुष्कळ असतं. रक्तस्रावाची भीती असल्यामुळे अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत, हे तात्यांच्या मुलाने दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बागेत गेलो. ओल्या काजूगरांची उसळ खायची तर बिया स्वतः सोलायच्या, असा मामीचा हुकूम होता. त्या चिकाने माझ्या बोटांची सालं गेली ती वेगळीच कथा. रात्री आंघोळीच्या वेळी नवऱ्याच्या कमरेवर, पँटीचा नाडा घट्ट बसतो तिथे, एक तपकिरी ठिपका दिसला. तीळ असेल म्हणून मी नखाने खरवडलं तर त्याला पाय होते. तिळाहून लहान. माणसाला चावतात ते बहुतेक हेच, गोचिडाची पिल्लं, आणि त्यांचा हंगाम जानेवारी ते मे. मोठा गोचीड निदान दिसतो तरी.

मामीने काडेपेटी शोधायच्या आत मामेभावाने चिमटा आणला. चटका द्यायचा नाही, रॉकेल ओतायचं नाही, पिळायचा नाही. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायचा, मग साबणाने जागा धुवायची. पँट उकळत्या पाण्यात गेली. मी फोनमध्ये तारीख आणि वाडीचं नाव लिहून ठेवलं. हा सल्ला मामेभावाचा, आणि मला तो सगळ्या तेलांहून मोलाचा वाटतो.

कारण खरी अडचण मुंबईत होते. गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस लागतात. तोवर आपण लालबागला परत आलेलो असतो, ऑफिसला जायला लागलेलो असतो, काजूचा विषय संपलेला असतो. दवाखान्यात ताप, अंगदुखी, कमी झालेले प्लेटलेट्स बघून कोणाच्याही तोंडात पहिला शब्द डेंग्यू येणार, आणि तो चूक म्हणता येत नाही. माकडतापातही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स खाली येतात. लाल डोळे आणि पोटऱ्यांचं दुखणं लेप्टोत, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसमध्येही, असतं. केस पेपरवर फक्त 'ताप, अंगदुखी' असेल तर वेगळं काही सुचायचं कसं?

मुंबईचे डॉक्टर हा धडा एकदा शिकलेले आहेत. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर लेप्टोची साथ आली, तेव्हापासून पावसाळ्यात तापाचा पेशंट आला की 'पाण्यातून चालला होतात का?' हा प्रश्न आपोआप येतो. शिमग्यानंतर आणि मे महिन्यात तसाच दुसरा प्रश्न यायला हवा: गावाला गेला होतात का, आणि काजीत शिरला होतात का? डॉक्टरांनी नाही विचारलं तर आपण सांगावं. नुसतं 'कोकणात' म्हणून भागत नाही. रत्नागिरीचं कोकण वेगळं आणि दोडामार्गचं वेगळं. तालुका, तारीख, गोचीड दिसला होता की नाही, वाडीत माकडं मेल्याचं कानावर आलं होतं का, एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. हेच कर्नाटकातल्या सागर तालुक्यातून, म्हणजे जोगचा धबधबा बघून येणाऱ्यांनाही लागू. तिथल्या अरळगोडू भागात 2018-19 च्या हंगामात मोठी साथ आली होती. केरळातल्या वायनाडलाही हा ताप पोचलाय.

परतल्यावर त्याच आठवड्यात नवऱ्याला ताप भरला. थंडी वाजून, दात वाजेपर्यंत. माझ्या पोटात गोळा आला हे सांगायला नको. आमचे फॅमिली डॉक्टर वयस्कर आहेत, कमी बोलतात. मी फोन उघडून तारीख आणि जागा वाचून दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, आधी कमरेवरची जागा बघितली, मग डोळे, मग टॉर्च मारून तोंडातली टाळू. माकडतापात टाळूवर बारीक फोड दिसू शकतात, असं ते म्हणाले. गोचिडाने आणि त्याच्या भावंडांनी होणारे इतरही ताप आहेत, आणि स्क्रब टायफससारख्याला तर साधं औषध आहे, म्हणून चावल्याच्या जागी काळी खपली आहे का तेही पाहिलं. नव्हती.

"दिवस जुळतायत," ते म्हणाले. पण मुंबईत राहणाऱ्याचं रक्त मलेरियासाठी तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, हेही म्हणाले. मलेरिया, डेंग्यू, पेशींची मोजणी असं सगळं लिहिलं, आणि यात काही निघालं नाही तर मोठ्या रुग्णालयातून नमुना पुण्याच्या विषाणू संस्थेला पाठवू, असं ठरलं. सुरुवातीच्या दिवसांत रक्तात विषाणूच सापडू शकतो, तो पीसीआरने कळतो. उशीर झाला की अँटिबॉडी शोधाव्या लागतात. म्हणून थांबून बघू हा पर्याय त्यांनी ठेवला नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला: मलेरिया, त्यातला व्हायवॅक्स प्रकार. प्लेटलेट्स खाली, डेंग्यू नाही. व्हायवॅक्सचा डास चावल्यापासून ताप यायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात, म्हणजे तो डास आम्ही कोकणकन्येत बसायच्या आधीच चावलेला होता, इथे, आमच्या इमारतीत. क्लोरोक्विनने ताप उतरला. यकृतात लपलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस, तेही आधी जीसिक्सपीडीची, म्हणजे रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची, तपासणी करून. ताप गेल्यावर रोज गोळी का घ्यायची यावर घरात रोज वाद.

मग महापालिकेची माणसं टाक्या बघायला आली. सेक्रेटरींचं म्हणणं, टाकीचं झाकण नुकतंच बदललंय. त्यातल्या एकाने शिडी लावली, पळीने पाणी काढलं आणि पृष्ठभागाला समांतर आडव्या पडलेल्या अळ्या सगळ्यांना दाखवल्या. मलेरियाच्या डासाच्या अळ्या अशाच आडव्या राहतात, बाकीच्या शेपटी वर करून उलट्या लटकतात, असंही सांगितलं. सेक्रेटरी झाकणाचं बिल आणायला गेले.

मामीला फोनवर हे कळवलं तर तिला काजींची अब्रू वाचल्याचा आनंद जास्त. मे महिन्याची तिकिटं काढून झाली आहेत. या वेळी सामानात चिमटा आणि पांढरे लांब मोजे आहेत, पांढऱ्यावर गोचीड लगेच दिसतो म्हणून. मामेभावाला आधीच विचारून घेतलंय की वाडीच्या आसपास माकड मेल्याचं कोणी कळवलंय का. अजून नाही म्हणाला, दिसलं तर हात न लावता आधी आरोग्य केंद्राला कळवेल आणि मग आम्हाला.