बोकडाची राखण

दोनच्या सुमारास नदीच्या बाजूने कुणीतरी ओरडलं. पाठोपाठ एक बाई धापा टाकत आली आणि म्हणाली, "तिकडे एक माणूस पडलाय, हलत नाहीये." माझ्या जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. शब्द न बोलता दोघांच्या मनात एकच प्रश्न होता : खरंच कुणी पडलंय, की आम्हाला इथून हलवायचा डाव आहे?

हे स्वीडनमधलं येव्ले शहर, २०२३ चा डिसेंबर. मी सुरक्षारक्षक आहे आणि त्या नाताळात माझी रात्रपाळी शहरातल्या पेंढ्याच्या बोकडापाशी होती. नाताळात पेंढ्याचा लहानसा बोकड घरात ठेवायची प्रथा या भागात जुनीच. १९६६ साली स्टिग गाव्लेन या जाहिरातीच्या धंद्यातल्या माणसाला सुचलं की तोच बोकड प्रचंड मोठा करून चौकात उभा करावा, म्हणजे शहराच्या दक्षिण भागातल्या दुकानांकडे गिऱ्हाईक वळेल. त्यांचा भाऊ अग्निशमन दलाचा प्रमुख होता, तेव्हा पहिला बोकड बांधला तो बंबवाल्यांनीच. १३ मीटर उंच, ७ मीटर लांब. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री कुणीतरी तो पेटवला.

त्यानंतर निम्म्याहून अधिक वर्षी बोकडाचा नाश झालाय. बहुतेकदा आगीने, पण एकदा त्याच्यावर गाडीही घातली गेली. २००५ साली सांताक्लॉजचे आणि जिंजरब्रेडच्या बाहुल्याचे वेष घालून आलेल्यांनी पेटता बाण मारला. २००१ साली पेटवणारा अमेरिकन पर्यटक होता. आपण बेकायदा काही करतोय हेच माहीत नव्हतं, असं त्याचं म्हणणं. २०१० साली तर बोकड हेलिकॉप्टरने उचलून स्टॉकहोमला न्यायचा बेत होता आणि त्यासाठी रक्षकाला पैसे देऊ केले होते. आणि २०१६, बोकडाचं पन्नासावं वर्ष : उद्घाटनानंतर काही तासांतच राख.

या आठवणी आमच्या कामाचाच भाग आहेत. पाळीवर नवा माणूस आला की जुने लोक त्याला आधी हेच ऐकवतात. म्हणून त्या बाईच्या हाकेवर विश्वास ठेवणं अवघड गेलं. पण थंडी शून्याच्या बरीच खाली होती. अशा हवेत माणूस तासभर पडून राहिला तर उठत नाही. जोडीदार म्हणाला, "मी जातो. तू इथून हलू नकोस." मी रेडिओवरून कंट्रोल रूमला कळवलं, रुग्णवाहिका मागवली आणि दोन कुंपणांमधल्या वाटेत जाऊन उभी राहिले.

बोकडाभोवती कुंपणं दोन असतात. बाहेरचं ओलांडलं तरी आतलं उरतं, आणि मधल्या त्या पट्ट्यातच रक्षकाला काय ते करायला मिळतं. सुका पेंढा एकदा धरला की मिनिटांचा खेळ असतो. पूर्वी काही वर्षी आग लागू नये म्हणून रसायनही लावून पाहिलं गेलं, पण त्या भरवशावर कुणी झोपत नाही. कॅमेरे असतात, पण कॅमेरा फक्त पाहतो.

मला तो आधी ऐकू आला. बाहेरच्या जाळीची खडखड. बोकडाच्या मागच्या बाजूला, नदीच्या बरोबर विरुद्ध. मी टॉर्च मारला तेव्हा त्याचा एक पाय अलीकडे आला होता. मी ओरडले, "बाहेर उतर!" तो घाबरून आतच उतरला, बर्फावर घसरला आणि जॅकेटमधून एक बाटली बाहेर पडली. लायटरमध्ये भरतात ते इंधन. मी आधी बाटली पायाने लांब सारली, मग त्याचा दंड धरला.

गुन्हा करताना सापडलेल्याला धरून पोलिसांच्या हवाली करायचा अधिकार इथे कायद्याने कुणालाही असतो, गुन्हा तुरुंगवासाच्या शिक्षेचा असला म्हणजे झालं. त्यामुळे मी काय करतेय याबद्दल मला शंका नव्हती. पण चेहरा उजेडात आला आणि वाईट वाटलं. कोवळा पोरगा होता. धडपडलासुद्धा नाही. म्हणाला, "दर वर्षी सगळे हेच तर विचारतात, यंदा कधी पेटणार."

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पाळीत मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न तोच. आजीआजोबा विचारतात, नातवंडं विचारतात, फोटो काढायला परदेशातून आलेले विचारतात. बोकड जळणार की टिकणार यावर पैजा लागतात. माझे स्वतःचे नातेवाईकही फोनवर म्हणतात, एवीतेवी जळायचाच तर होळी समज आणि सोडून दे. मला हे मुळीच पटत नाही. होळी रचणारेच पेटवतात. इथे रचणारे वेगळे आणि पेटवणारे वेगळे. ज्यांनी लाकडाचा सांगाडा उभारला, पेंढ्याच्या चटया दोरखंडाने गाठी मारमारून बांधल्या, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. हे मी त्याला सांगितलं. त्याच्यापर्यंत ते पोचलं का, देव जाणे. तो थंडीने कुडकुडत होता. मी त्याला माझे जास्तीचे हातमोजे दिले.

पोलीस आले, बाटली घेतली, मुलाला घेऊन गेले. तोवर नदीकडून निळे दिवे दिसत होते. पडलेला माणूस खरोखरच पडला होता : प्यालेला, अंग गार पडलेलं, पण जिवंत. जोडीदाराने स्वतःचं जॅकेट त्याच्यावर घातलं होतं आणि परत आला तेव्हा त्याचे ओठ नीट हलत नव्हते. तो माणूस, ती बाई आणि कुंपणावरचा मुलगा यांचा एकमेकांशी संबंध होता का? पोलिसांना तसं काही आढळलं नाही. मलाही वाटतं नसावा. त्या पोराने फक्त एक रक्षक कमी झालेला पाहिला आणि संधी साधली.

सकाळी उजाडल्यावर नेहमीचे पाहुणे आले. जॅकडॉ, म्हणजे लहान आकाराचे कावळे. त्या वर्षीचा उन्हाळा पावसाचा गेला होता, त्यामुळे पेंढ्यात दाणे शिल्लक राहिले होते, आणि हे पक्षी थव्याने येऊन बोकड टोचून टोचून सांगाडा उघडा पाडत होते. लोक आम्हाला म्हणायचे, हाकला ना त्यांना! बोकडाचे आयोजक मात्र पक्ष्यांना खाऊ द्यायला तयार होते. मलाही त्यांचा राग आला नाही. भुकेला पक्षी दाणा टिपतो, त्याला अडवायला माझी नेमणूक नव्हती.

घरी जाण्याआधी मी अहवाल लिहिला आणि शेवटी एक मागणी घातली : दोघांपैकी एकाला माणसाच्या जिवासाठी जावं लागलं, तर कुंपणापाशी एकटं कुणी उरता कामा नये, रात्री तिसरा रक्षक हवा. पुढच्या पाळीपासून आम्ही तिघे होतो. त्या वर्षी बोकड जळला नाही.