कोपर दुखतंय आणि रेकी घ्यायची आहे, तर

कापसाची वेचणी आटोपली की आपल्याकडे पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची उभी वाळलेली झाडं, उपटायचं काम निघतं. बोंडअळीमुळे फरदड (हंगाम संपल्यावरही पीक शेतात राखणं) ठेवू नका म्हणतात ते बरोबरच आहे, पण तोवर काळी जमीन वाळून टणक झालेली असते. एकेक झाड मुठीत आवळून हिसका दिल्याशिवाय निघत नाही. त्यातच तुरीची कापणी येते. मग कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ सुरू होते आणि पाण्याचा तांब्या उचलताना, धुणं पिळताना जीव जातो. डॉक्टर याला टेनिस एल्बो म्हणतात.

दुखतं कोपर, पण खरा भार पडतो तो मुठीमुळे. मनगट मागे उचलणारे स्नायू एका कंडरेने कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात, आणि मूठ आवळली की मनगट सरळ धरून ठेवायचं काम त्यांच्याचकडे येतं. दुखणं जुनं झालं की सूज फारशी उरत नाही. कंडरेचे तंतूच झिजून विस्कटलेले असतात, ते सावरायला महिने लागतात. बहुतेकांचं वर्षभराच्या आत बरं होतं, पण मधल्या काळात माणूस मिळेल तो उपाय करतो. त्यात आता तालुक्याच्या गावीही रेकी, प्राणिक हीलिंग असे हाताच्या ऊर्जेने बरं करतो म्हणणारे उपचारक भेटतात.

रेकीची पद्धत जपानात मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास सुरू केली. हातातून ऊर्जा वाहते असा तिचा दावा, पण ती ऊर्जा आजवर कुठल्याही यंत्राने मोजलेली नाही. तशाच प्रकारच्या ‘थेरप्युटिक टच’ची अमेरिकेत परीक्षा झाली होती. एमिली रोझा नावाच्या ९ वर्षांच्या मुलीने पडद्याआड आपला हात उपचारकाच्या एका हाताजवळ धरायचा आणि कुठल्या हाताजवळ आहे ते त्याने ओळखायचं. २१ उपचारकांची उत्तरं ४४ टक्केच बरोबर आली, नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. तो अभ्यास १९९८ साली छापून आला. म्हणून रेकीने कंडरा जुळते असं मी कुणालाही सांगणार नाही. पण वीस मिनिटं हात निवांत पडून राहतो, कोणीतरी मायेने ऊबदार तळवा ठेवतं, खांदा सैल पडतो, रात्री झोप लागते आणि कळ तेवढ्यापुरती हलकी वाटते. रोजमजुरीच्या दिवसांत हे थोडं नाही. ते घ्यायचं तर नीट घ्यावं.

संध्याकाळी, हातपाय धुऊन, जेवणाआधी बसावं. फवारणी केली असेल त्या दिवशी साबणाने आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय कोणी कोणाला हात लावू नये. बाजेवर पाठ टेकून बसायचं आणि दुखरा हात मांडीवरच्या घडी केलेल्या वाकळीवर ठेवायचा: कोपर अर्धवट वाकलेलं, अंगठा वरच्या बाजूला, मनगटाखालीही आधार. मनगट लोंबकळत राहिलं तर तेच स्नायू ताणलेले राहतात. कोपराला आधाराचा पट्टा बांधत असाल तर तो काढून ठेवायचा. उपचार करणाऱ्याने एक तळवा कोपराखाली आणि दुसरा बाहेरच्या हाडावर, पाखराचं पिल्लू धरावं इतक्या हलक्या हाताने ठेवायचा. पाच मिनिटं तिथे, मग खांद्यावर, मग हाताच्या वरच्या मांसल भागावर. स्पर्श नको असेल तर चार बोटं अंतरावरून. पंधरा-वीस मिनिटांत संपवावं.

इथे दोन गोष्टी बिघडतात. काहीजण ‘नस मोकळी करतो’ म्हणत अंगठ्याने त्या हाडावरच रगडतात, आणि दुसऱ्या दिवशी कळ दुप्पट होते. काही घरांत वर बिब्बा लावतात. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि कोपराचं दुखणं आहे तिथेच राहतं. तसं करायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणावं.

सगळ्यात मोठा धोका मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी असतो. रात्री हलकं वाटलं म्हणून माणूस सकाळी पुन्हा पूर्ण ताकदीने पऱ्हाट्या उपटायला जातो. कळ उतरली तरी कंडरा कालचीच असते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचंही असंच आहे: पहिले काही आठवडे छान जातात, पण वर्षभराने पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेल्यांचे हात जास्त चांगले असतात. म्हणून रेकी घ्या, पण कामाचा भार तिच्या भरवशावर ठरवू नका. पऱ्हाट्या उपटायला त्यासाठीचा चिमटा वापरा. विळ्याच्या, खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करा, म्हणजे कमी आवळावं लागतं. बादली, घमेलं उचलताना तळवा वर ठेवा. फवारणीचा दांड्याचा पंप मारायचा असेल तर दुसऱ्या हाताने मारा, नाहीतर बॅटरीचा पंप बघा. पट्टा बांधायचा तो दुखऱ्या हाडावर बांधू नका. हाडाच्या दोन-तीन बोटं खाली, मांसल भागावर बांधा आणि झोपताना काढा.

कंडरा सावरते ती हळूहळू वाढवलेल्या भाराने. टेबलाच्या कडेवर हात ठेवून मनगट बाहेर काढा, तळवा खाली, हातात अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. मनगट सरळ ठेवून ३० ते ४५ सेकंद धरा, मध्ये एक-दोन मिनिटं थांबत पाच वेळा. दोन आठवड्यांनी दुसऱ्या हाताने बाटली वर करून द्या आणि दुखऱ्या हाताने चार सेकंद घेत सावकाश खाली आणा: १५ वेळा, तीन फेऱ्या. करताना दहापैकी तीन-चार इतकी कळ चालते, पण दुसऱ्या सकाळी ती वाढलेली असेल तर वजन कमी करा. व्यायाम सकाळी आणि रेकी संध्याकाळी ठेवली तर दोन्ही नियमित होतात.

बोटांना मुंग्या येत असतील, मानेतून कळ उतरत असेल, कोपर लाल-गरम होऊन ताप आला असेल, पडल्यानंतर हात सरळ होत नसेल, तर आधी डॉक्टर. चालू गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या किंवा ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ म्हणत आणखी पैसे मागणाऱ्या उपचारकाकडे पुन्हा जाऊ नये.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवड्यातून एकदा सकाळी एक आकडा लिहा: कोपर सरळ, तळवा खाली, भरलेला तांब्या उचलताना दहापैकी किती दुखलं. रेकीच्या लगेच नंतरचा आकडा धरायचा नाही, तो नेहमीच गोड असतो. सहा आठवड्यांत सकाळचा आकडा हललाच नाही तर रेकीच्या बैठका वाढवण्यापेक्षा जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात जा आणि ते कॅलेंडर सोबत न्या.