चाकाखालची माती : येऊर आणि दिंडोरी

रविवार, रात्री साडेदहा

आमच्या ठाण्याजवळचं येऊरचं जंगल मला पावसाळ्यापेक्षा फेब्रुवारीत जास्त आवडतं. ऑफिसात हे सांगितलं की सगळ्या म्हणतात, अगं तेव्हा तर सगळं वाळलेलं असतं, बघायचं काय तिथे. पण माउंटन बाइकवर बसून गेलं की कळतं, जमीन दिसते ती तेव्हाच. गवत बसलेलं असतं, काटेसावरीला एक पान नाही आणि नुसती लाल फुलं, आणि खाली कुठला दगड पक्का, कुठला सुटा, मूळ कुठून कुठे गेलंय, पावसात पाणी कुठून वाहिलं होतं ते सगळं वाटेवर वाचता येतं.

काल सकाळी येऊर, दुपारी गाडीच्या मागे सायकल बांधून कसारा घाटातून ताईकडे नाशिकच्या म्हसरूळला, आज पहाटे भाच्याबरोबर दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत, आणि संध्याकाळी परत ठाण्यात. म्हणजे एकाच वीकएंडला जंगल पण आणि बागा पण. पाय भरून आलेत, पण डोक्यात एक गोष्ट फिरतेय ती आज लिहून ठेवते, नाहीतर सोमवार सुरू झाला की राहूनच जाईल.

आधी कालचं. उपवन तलावाकडून चढ सुरू होतो, गेटपाशी दम टाकायचा आणि मग पुढे. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू, सगळं उद्यान मिळून साधारण 104 चौरस किलोमीटर, आणि चारी बाजूंनी आपण सगळे दाटीवाटीने राहतोय. आतल्या जंगलात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे आम्ही डांबरी रस्ता आणि पाड्यांच्या मधल्या रोजच्या वहिवाटीच्या कच्च्या वाटा सोडून कुठे जात नाही. मला हा नियम पटतो. बिबट्या, सांबर, चितळ सगळे तिथेच राहतात, आपण दोन तासांचे पाहुणे.

या दिवसांत कच्च्या वाटेवर सगळ्यात अवघड काय असेल तर सागाची वाळलेली पानं. एवढी मोठी पानं, एकावर एक पडलेली, खाली काय आहे ते कळतच नाही. वर चाक गेलं की पानं सरकतात आणि त्यांच्याबरोबर चाकही सरकतं. तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबला की संपलंच. म्हणून उताराला लागायच्या आधीच वेग कमी करायचा, सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल एका लेव्हलला, ढुंगण मागे, कोपर मोकळे, आणि नजर चाकाजवळ नाही तर पुढच्या वळणावर. दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, हळूहळू. टायरमध्ये हवा पण कमी ठेवायची, माझ्या 2.2 इंची ट्युबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरमध्ये मी दाब 25 पीएसआयच्या आसपास ठेवते, तेवढ्यावर टायर दगडाला धरून चालतो, टणाटण उडत नाही.

तर जांभूळपाड्याकडच्या एका उतारावर मी थांबले, कारण वाटेच्या मधोमध एक घळ पडलेली होती. गेल्या पावसाळ्यात कोणीतरी ओल्या मातीत ब्रेक दाबून मागचं चाक लॉक करून घसरत खाली आलेलं असणार. एकाने केलं की त्याच रेषेतून दुसरा, मग मोटरसायकलवाला, आणि मग जुलैचा पाऊस त्या रेषेला पकडतो आणि तिचा ओढा करतो. मी खाली बसून घळीत हात घातला, मनगटापर्यंत आत गेला. कडेला बघितलं तर वरचा थर जेमतेम बोटभर, तपकिरी, भुसभुशीत, त्यात केसांसारखी बारीक मुळं, आणि त्याखाली लगेच मुरूम. जंगलाची सुपीक माती म्हणजे तेवढीच, बोटभर. ती गेली की त्या जागी करवंदाचं रोप पण धरत नाही, आणि ती परत तयार व्हायला आपला जन्म पुरणार नाही.

तेवढ्यात वरून पाड्यावरची एक मावशी मोळी घेऊन आली. मी सायकल बाजूला घेतली. ती घळीपाशी थांबली, डोक्यावरची मोळी सावरली आणि घळ ओलांडण्याऐवजी कडेच्या गवतातून उतरली. मला म्हणाली, "पावसात येतात ना गाड्या, वाट फोडून जातात." चिडून नाही, नुसतं सांगितल्यासारखं. आमच्यासाठी तो ट्रेल आहे, तिच्यासाठी पाण्याचा, लाकडांचा, पोराला शाळेत सोडायचा रस्ता. आता सगळेच कडेने चालतात म्हणून कडेचं गवत पण गेलंय आणि वाट दुप्पट रुंद झालीये. हे बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण हे टाळणं काहीच कठीण नाहीये. ओली असताना वाटेवर जायचं नाही आणि चाक लॉक करायचं नाही, एवढंच तर आहे.

हा खेळच मुळात उतारावरून आणि ब्रेकवरून सुरू झाला. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत, 1976 मध्ये काही पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावर शर्यत लावली. पेडल मागे मारलं की लागणारे ब्रेक, ते इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून धूर यायचा आणि खाली पोचल्यावर परत नवं ग्रीस भरायला लागायचं. तिथून वीस वर्षांत, 1996 ला अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकिंग आलं पण. आणि मजा म्हणजे मरिनच्या शेजारीच सोनोमा आहे, द्राक्षांचा आणि वाइनचा मुलूख. जंगलाचा डोंगर आणि त्याला लागून द्राक्षबागा, म्हणजे आपलं नाशिकच की.

आता आजचं. ताईकडून पहाटे निघालो तेव्हा स्वेटर, वरून विंडचीटर, तरी हात गारठलेले. भाचा नाशिकचा असल्यामुळे त्याला थंडी वाजतच नाही असं त्याचं म्हणणं. नाशिकमध्ये सायकलचं वेड वेगळंच आहे, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत, पूर्ण केली तेव्हापासून तर जास्तच. भाचा तेव्हा शाळेत होता आणि त्याने ताईकडे गिअरच्या सायकलचा हट्ट धरला होता तो तेव्हापासूनच.

उजाडता उजाडता रामशेज समोर आला. 1682 मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने याला वेढा घातला आणि हा एवढासा किल्ला पुढे कित्येक वर्षं लढला, हे लहानपणापासून ऐकलंय, पण खालून सायकलवरून बघताना तो खरंच किती छोटा आहे ते कळतं. जवळच बोरगड, राज्यातलं पहिलं कॉन्झर्वेशन रिझर्व्ह म्हणजे संवर्धनासाठी राखीव जंगल, 2008 सालचं. आम्ही त्याच्या आत गेलो नाही, बाहेरच्या शिवाररस्त्याने गेलो. एका बाजूला झाडी, मोर ओरडतायत, आणि दुसऱ्या बाजूला द्राक्षांच्या ओळी सुरू. मध्ये फक्त एक कच्चा रस्ता. असा रस्ता मला स्वप्नात पण चालेल.

पण इथले काटे! बाभळीचा काटा आणि सराटे. ट्यूब असती तर दर किलोमीटरला पंक्चर काढत बसलो असतो. ट्युबलेसमध्ये सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव असतो, काटा काढला की पांढरा थेंब बाहेर येतो, चाक फिरवायचं, बंद. भाच्याच्या मागच्या टायरमध्ये बाभळीचा एवढा लांब काटा निघाला आणि तरी गडी थांबला नाही.

एका बागेत कामाची गडबड चाललेली दिसली म्हणून बांधाच्या बाहेरच उभे राहिलो आणि भाच्याने हाक मारली, "काका, आत येऊ का?" काकांनी आधी सायकली बघितल्या, मग म्हणाले, "या ना, पण सायकली तिथंच लावा. बांधावरून नका आणू, अन् ओळीत तर बिलकुल नको, ड्रिपच्या नळ्या आहेत." आम्ही लावल्या. मग काकांनीच सांगितलं, बांध एकदा ढिला झाला की पावसाळ्यात तिथूनच पाणी फुटतं आणि बागेतली माती खालच्याच्या वावरात जाते, मग दोन घरांत भांडण. मी एकदम कालच्या घळीत पोचले. तीच गोष्ट, फक्त इथे त्या मातीला मालक आहे आणि तो बोलतो.

बागेत खाण्याची द्राक्षं होती, मांडवावर, आणि प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला. अख्ख्या मांडवाखाली बातम्याच बातम्या लटकलेल्या. रात्री थंडी आणि दिवसा कडक ऊन असलं की हिरवा मणी गुलाबी पडतो आणि एक्स्पोर्टला चालत नाही, म्हणून हा कागद. काकूंनी एक कागद उलगडून दाखवला, आतला घड एकसारखा हिरवट पिवळा, मण्यांवर ती मेणासारखी पांढुरकी साय जशीच्या तशी. बोट लावलं की ती पुसली जाते म्हणून घड देठाला धरायचा हे त्यांनी मला शिकवलं. एप्रिलची छाटणी, मग ऑक्टोबरची, मग विरळणी, भुरी आणि डाऊनी या रोगांसाठी फवारण्या, आणि एवढं करून हातात आलेलं पीक एका अवकाळी पावसात तडकतं. काकू म्हणाल्या, "जानेवारीत थंडी लई वाढली तर आम्ही पहाटे बागेत शेकोट्या करतो." बागेला ऊब मिळावी म्हणून माणसं रात्र जागवतात, आणि आपण ठाण्यात किलोचा भाव करत उभे असतो.

शेजारचा प्लॉट वाइनच्या द्राक्षांचा. तिथे मांडव नाही, तारांवर सरळ उभ्या चढवलेल्या वेली, कुंपणासारख्या ओळी. मणी बारीक, साल जाड, बिया मोठ्या, पण गोडी विलक्षण. काकांनी खिशातून ते ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर मोजायचं नळीसारखं यंत्र काढलं, एक मणी दाबून रसाचा थेंब काचेवर टाकला आणि उजेडाकडे धरून मला बघायला दिलं. निळी रेघ 22 च्या वर. खायच्या द्राक्षाला 17-18 आली तरी पुष्कळ, वाइनला मात्र साखर जास्त लागते कारण तिचंच पुढे अल्कोहोल होतं. मुरमाड, निचऱ्याची जमीन म्हणूनच इथे चालते, पाणी साचून राहिलं तर मुळं कुजतात.

निघताना काकांनी पिशवीभर द्राक्षं दिली, पैसे काही घेतले नाहीत. ताईने ती धुऊन ठेवली आणि निम्मी मला बांधून दिली.

मी निघायच्या आधी ताईच्या अंगणात टायर ब्रशने घासून धुतले. खाचांत गाजरगवताचं बी अडकून एका शिवारातून दुसरीकडे जातं, आणि मला ते येऊरला अजिबात न्यायचं नाहीये.

भाच्याने विचारलं, मावशी, ऑगस्टमध्ये येशील ना, रामशेजला हिरवंगार असतं. मी म्हटलं येईन, पण पाऊस सुरू झाला की वाट वाळेपर्यंत फक्त डांबरी रस्ता, किल्ल्यावर जायचं तर पायी. तो थोडा हिरमुसला, म्हणाला मग माउंटन बाइक घेतली कशाला. मी त्याला घळीचा फोटो दाखवला, हात आत घातलेला. बघत बसला बराच वेळ. मग म्हणाला त्याच्या सायकल ग्रुपला पाठव. पाठवलाय, बघू कोण काय म्हणतंय. जूनपासून कच्च्या वाटा बंद असं सगळ्यांनी मिळून ठरवलं तर मी इथल्या आमच्या ग्रुपमध्ये पण तेच मांडणार आहे, येत्या शनिवारीच.