चार खेळणारे, तीन न खेळणारे आणि एक शीट

आमच्या घरात गोल्फच्या सहलीचं नियोजन माझ्याकडे आलं ते शिक्षा म्हणून. मागच्या सहलीहून परतताना मी विमानतळावर इतकी कुरकुर केली की दीर म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी तुम्हीच ठरवा ना सगळं." दोघा भावांनी एकमेकांकडे बघत हसू दाबलं, तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही. म्हटलं, ठीक आहे.

आधी आमची मंडळी सांगते. नवरा, हँडिकॅप ११ (म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट; आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा). दीर, १५. सासरे म्हणजे बाबा, वय ७१, हँडिकॅप २२. आणि मी, ३४. न खेळणाऱ्यांत सासूबाई, जाऊ आणि आमची तेरा वर्षांची मुलगी. मुलगी गेल्या वर्षापासून शिकते आहे, पण तिच्याकडे अजून हँडिकॅपचा दाखला नाही, म्हणून तूर्तास तिकडे.

मागची सहल भावांनी आखली होती. सहा दिवसांत पाच राउंड! हिशोब सोपा: एक राउंड म्हणजे अठरा होलचा खेळ, चार तासांचा; सकाळी खेळायचं, दुपारी कुटुंबाबरोबर हिंडायचं. प्रत्यक्षात टी टाइमच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेच्या, तासभर आधी पोचून सरावाचे बॉल मारायचे, पुढचा ग्रुप रमतगमत खेळणार, आणि संपल्यावर स्कोअरकार्डवरून क्लबहाऊसमध्ये वाद. चाराचे सात तास कधी होतात कळत नाही. अठरा होल पायी म्हणजे आठ-दहा किलोमीटर चाल होते. नवऱ्याने खास सहलीसाठी नवे कोरे बूट घेतले होते. चौथ्या दिवशी तो फोडांमुळे टाचा न टेकता चालत होता आणि तरीही पाचवा राउंड सोडायला तयार नव्हता.

पण खरा कळस तिसऱ्या दिवशी झाला. ज्या कोर्ससाठी, म्हणजे गोल्फच्या मैदानासाठी, एवढा घाट घातला, त्याच्या पहिल्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) पोचलो तर सगळीकडे बोटाएवढी भोकं, आणि वर वाळू पसरलेली. आठवड्यापूर्वीच एरेशन केलं होतं. पायांखाली आणि यंत्रांखाली माती दाबून घट्ट होते, म्हणून पोकळ दात्यांच्या यंत्राने तिचे छोटे गोळे उपसून काढतात, वर वाळू भरतात, मग मुळांना हवा-पाणी मिळतं. गवताच्या भल्याचंच काम आहे ते. पण ग्रीन पुन्हा नीट व्हायला दोनेक आठवडे तरी जातात. बाबांनी सहा फुटांवरून पट मारला, म्हणजे होलकडे हलका, जमिनीलगतचा फटका. चाळणीवर गोटी सोडावी तसा बॉल टुणटुणत निघाला, अर्ध्यात डावीकडे वळला आणि एका भोकाच्या कडेवर बसून राहिला. बाबा काही बोलले नाहीत. बॉल उचलला, वाळू पुसली, खिशात टाकला. त्या कोर्सने बुकिंगच्या वेळी काही सांगितलं नव्हतं हे खरं, पण आम्हीही विचारलं नव्हतं. आता माझ्या शीटमध्ये प्रत्येक कोर्ससमोर पहिला रकाना तोच आहे: "एरेशन कधी? फोनवर विचारले का?"

दुसरा रकाना सामानाचा. दिरांचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची गोल्फची काठी, विमानातून उतरला तो मानेपाशी मोडून. बॅगेत सगळ्यात लांब तोच असतो, त्यामुळे बॅग उलटी आपटली की मार त्याच्यावर येतो. यावर उपाय असा: डोकं सुटं होणारा ड्रायव्हर असेल तर ते काढून मोज्यात गुंडाळायचं, आणि बॅगेत मधोमध ड्रायव्हरपेक्षा उंच अशी एक काठी उभी करायची. तयार मिळते. धक्का काठी खाते. नवरा म्हणाला, एवढ्याशा काठीसाठी वेगळा रकाना? मी म्हटलं, दिरांना विचार.

तर यंदाची सहल. मी बसले आणि आधी न खेळणाऱ्या तिघींची नावं लिहिली. भावांना हे फारच उफराटं वाटलं. पण विचार करा, चार जण एकत्र खेळले की ते चौघे आपापले खूश असतात, त्यांना बाकी जगाची गरज नसते. ज्या तीन जणी उरतात त्यांचा दिवस कोण आखणार? मागच्या वेळी सासूबाई रोज क्लबहाऊससमोरच्या सरावाच्या ग्रीनवर कुणाचा तरी पटर घेऊन वेळ काढत होत्या.

जागेचा प्रश्न बाबांनी सोडवला. त्यांना आयुष्यात एकदा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजला जायचंय. मला वाटलं होतं, संपलं, आता पुन्हा पाच राउंड. पण वाचत गेले तशी ही जागा माझ्याच बाजूची निघाली.

एक तर सगळ्यांना हवा असतो तो ओल्ड कोर्स रविवारी खेळासाठी बंद असतो. मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर त्या दिवशी तिथे लोक फेरफटका मारतात, कुत्री फिरवतात. दुसरं म्हणजे तिथे सोडत आहे. दोन ते चार जणांची नावं दोन दिवस आधी द्यायची, आणि नाव निघालं तर खेळायचं. म्हणजे ओल्ड कोर्सभोवती सगळी सहल बांधताच येत नाही, सहल आधी बांधून त्यात ओल्ड कोर्सला जागा ठेवावी लागते. मी शनिवारी संध्याकाळी पोचायचं ठरवलंय. रविवारपासून रोज नाव द्यायचं, म्हणजे मंगळवार, बुधवार आणि गुरुवार अशा तीन सोडती मिळतात. सोमवारी न्यू कोर्स. नाव न्यू, पण तो १८९५ सालचा आहे, आणि यावर नवऱ्याने आत्तापर्यंत चार वेळा तोच विनोद केलाय. सोडतीत नाव आलं तर मिळून दोन राउंड, नाहीतर एकच. बग्गी, म्हणजे मैदानावर फिरायची छोटी गाडी, ओल्ड कोर्सवर सरसकट मिळत नाही, म्हणून बाबांसाठी कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस. यावर ते जरा फुरंगटले होते. मग कॅडी ग्रीनचा उतार सांगतो हे कळल्यावर गप्प झाले.

मुलीसाठी तिथेच बालगोव्ह नावाचा नऊ होलचा कोर्स आहे, नवशिक्यांचा आणि मुलांचा. जाऊ इतिहासवाली. तिला मी तिथल्या किल्ल्याची माहिती पाठवली: १५४६-४७ च्या वेढ्यात बाहेरच्यांनी आत शिरायला भुयार खणलं, आतल्यांनी त्यांना गाठायला उलट बाजूने दुसरं खणलं, आणि दोन्ही अजून शाबूत आहेत. वाकून आत जाता येतं. तिचं उत्तर एका मिनिटात आलं: "गोल्फचा राउंड रद्द झाला तरी चालेल, हे नाही." तिथे जून महिन्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो, हाही मोठा फायदा. खेळून आल्यावरही दिवस शिल्लक राहतो.

सासूबाईंसाठी जे सापडलं त्याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. ओल्ड कोर्सच्या शेजारी हिमालयाज नावाचं पटिंगचं मैदान आहे, सगळे उंचवटे आणि खळगे. १८६७ मध्ये तिथे बायकांचा पटिंग क्लब सुरू झाला. त्या काळी बाईने खांद्याच्या वर गोल्फची काठी उचलणं बरं दिसत नसे, म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त पटिंग. आज कुणीही जाऊन खेळू शकतं. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला काय येतंय त्यातलं?" दीर हसले. मागच्या वेळी रोज चार-चार तास सराव कुणी केला होता, याची मी त्यांना आठवण करून दिली.

राहिला प्रश्न स्कोअरवरून होणाऱ्या भांडणांचा. ११ आणि ३४ हँडिकॅप एकत्र खेळले की एक कंटाळतो आणि दुसरी रडकुंडीला येते. म्हणून यंदा स्टेबलफोर्ड, म्हणजे गुणांची पद्धत. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांची ही पद्धत १९३२ मध्ये वॉलसीच्या क्लबवर पहिल्यांदा स्पर्धेत वापरली गेली. फटके मोजण्याऐवजी दर होलला गुण: हँडिकॅपची सूट धरून पार (होलसाठी ठरलेले फटके) झालं तर दोन, बोगीला (एक फटका जास्त) एक, बर्डीला (एक कमी) तीन. बोगीहून वाईट खेळलात तर शून्य, बॉल उचला आणि चला पुढे. मला बहुतेक होलवर दोन फटक्यांची सूट मिळते, म्हणजे चारच्या पारला मी सहा मारले तरी दोन गुण. मागच्या वेळी सातव्या होलवर मी दोन बॉल पाण्यात घालून नऊ मारले होते आणि त्या नऊचं ओझं अठराव्यापर्यंत वाहिलं होतं. स्टेबलफोर्डमध्ये ते नुसतं एक शून्य. नवऱ्याने गणित करून पाहिलं, मी जिंकू शकते हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग त्याने हँडिकॅपच्या नियमांवर बरंच वाचन सुरू केलं. चालू दे.

शीट मी परवा सगळ्यांना पाठवली. कुणीही बदल करू शकेल अशी ठेवली होती, ही चूक असेल असं वाटलं होतं. दिरांनी मंगळवारी सकाळी गुपचूप एक जादा राउंड घातला, जावेने तो पाच मिनिटांत काढला. रविवारचा रकाना मी कोराच ठेवला होता. आज उघडून पाहिलं तर बाबांनी त्यात लिहिलंय, "ओल्ड कोर्सवर हिच्याबरोबर पायी, पहिल्या टीपासून अठराव्या ग्रीनपर्यंत." आणि खाली आईंचं: "बॅग आणायची नाही."