तुम्ही विचारलंत म्हणून: बाहेरच्या पैशाने शाळा सुधारते का?

मी लातूर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे नवीन लागलेले शिक्षक भेटले की हा प्रश्न येतोच, आणि 2025 मध्ये अमेरिकेने यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी त्यांची सरकारी संस्था, बंद केल्यापासून तर जास्तच. बाई, बाहेरचा पैसा येऊन आपल्या शाळा खरंच सुधारल्या का हो, की नुसती कागदं रंगली?

सुधारल्या. पण कुठल्या पैशाने ते सांगते.

1994 ला डीपीईपी सुरू झाला, म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम. पहिल्या टप्प्यात 7 राज्यांतले 42 जिल्हे, त्यात आपले 5, सगळे मराठवाड्यातले, कारण बायकांची साक्षरता जिथे देशाच्या सरासरीपेक्षा कमी तिथेच जायचं असं ठरलेलं. आमच्याकडे किल्लारीच्या भूकंपाला जेमतेम वर्ष झालेलं, शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. आमच्या जिल्ह्यांसाठीचा पैसा जागतिक बँकेचा, आणि तो दान नव्हता हं, केंद्र सरकारने घेतलेलं कमी व्याजाचं कर्ज होतं, कार्यक्रमाच्या खर्चातले 85 टक्के केंद्र त्यातून द्यायचं आणि 15 टक्के राज्य घालायचं.

मला त्यातला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे बांधकामावर 24 टक्क्यांच्या वर खर्च करायचा नाही. पुढे तो वाढवला म्हणा. पण त्यामुळेच पैसा वर्गापर्यंत आला, शाळेला वर्षाला 2000 आणि प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी 500 रुपये. हसू नका, तोपर्यंत खडूसुद्धा आम्ही मोजून वापरायचो.

त्या पाचशेतून मी मणी आणून शंभराची माळ ओवली, दहा लाल दहा पांढरे असे. दुसरीत एक मुलगी होती, सदतीस म्हटलं की 73 लिहायची. चूक तिची नाही, सदतीस म्हणताना सात आधी ऐकू येतं ना! माळेवर ती रोज एकपासून मोजत यायची, अंगठ्याने मणी ढकलत, आणि एक दिवस तिने तीन रंग एकदम सरकवले, पुढचे सात सुटे मोजले आणि पाटीवर आधी 3 लिहिला मग 7. मी काहीच बोलले नाही, तिलाच बघू दिलं.

आता दुसरी बाजू. एका शाळेत साहित्याची पेटी आलेली, ती डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढवली आणि कपाटात कुलूपबंद, कारण एक ठोकळा हरवला तर भरून कोण देणार. मुलांनी ती पेटी उघडलेली कधी पाहिलीच नाही. पैसा तोच, कार्यक्रम तोच.

राजस्थानात लोक जुंबिश नावाचा शिक्षणाचा कार्यक्रम होता, 1992 पासून, केंद्राचे माजी शिक्षण सचिव अनिल बोर्दियांनी उभा केलेला, स्वीडनच्या मदतीवर. तिथे गावकरीच आपल्या गावाचा नकाशा काढायचे, घर न् घर, कुणाची पोरगी शाळेत जाते कुणाची नाही ते खुणा करून, आणि मग शाळा कुठे हवी ते त्यावरून बोलायचे. मला हे फार मोठं काम वाटतं. मे 1998 ला पोखरणचे अणुस्फोट झाले आणि स्वीडनने हात आखडता घेतला. त्यात त्या गावातल्या पोरींचा काय संबंध? पुढच्या वर्षी ब्रिटनची मदत आली, पण मधल्या काळात काम विस्कटलंच. म्हणून परदेशी पैसा येतोय म्हटलं की मी आधी विचारते, तो थांबला तर उद्या सकाळी शाळेत काय बंद पडेल? खोल्या बंद पडत नाहीत. शिक्षकांचं एकत्र बसणं बंद पडतं.

डीपीईपीत आमच्या केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, महिन्याला बैठक व्हायची, कुणी भागाकार कसा शिकवला ते खरंच वर्ग घेऊन दाखवायचं आणि बाकीचे भांडायचे, मी भागाकार शिकवायला तिथे शिकले, डीएडला नाही. कार्यक्रम संपला, सर्व शिक्षा अभियान आलं, बैठका झाल्या पण त्यात माहितीचे तक्तेच जास्त भरायला लागले. मग आम्ही सात-आठ जणांनी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आपलंच बसायचं ठरवलं, चहा वर्गणीचा, पोहे ज्याच्या गावात बैठक त्याच्या घरचे. चार वर्षं चाललं. मग बदल्या झाल्या, दोघी दुसऱ्या तालुक्यात गेल्या, आणि ते थांबलं.