ढोल आणि कंबर : सरावाचा सहावा आठवडा

रविवारी आमच्या ढोल-ताशा पथकाच्या सरावात नदीपात्रात सलग ४० मिनिटं वाजवलं, मध्ये एकदाही ढोल खाली ठेवला नाही. पहिल्या आठवड्यात हाच आकडा १२ होता. तेव्हाही हात थकले नव्हते, कंबर थकली होती. मागचे दोन्ही हंगाम असेच गेले. टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, उचलायला जोर शिल्लक असायचा, पण ठेका थांबला की पहिला हात कंबरेवर. म्हणून यंदा सराव सुरू व्हायच्या आधीपासूनच पोट-पाठीवर काम करतेय आणि रोजचे आकडे वहीत लिहितेय.

आधी हिशोब मांडते, कारण तो मांडल्यावरच मला हे सगळं पटलं. माझा ढोल घरच्या काट्यावर ८ किलो ४०० ग्रॅम भरला. बांधल्यावर त्याचा मध्य मणक्याच्या साधारण ३५ सेंटीमीटर पुढे येतो. पाठ ताठ धरणारे स्नायू मात्र मणक्याच्या मागे जेमतेम ६ सेंटीमीटरवर. शाळेतला तरफेचा नियम लावा : एवढा ढोल तोलायला त्या स्नायूंना ५० किलोच्या आसपास ओढ द्यावी लागते, तीही नुसतं उभं असताना!

ही ओढ टाळायला शरीर मागे रेलतं. पोट पुढे, कंबरेत खोल बाक, खांदे मागे. लांबून रुबाबदार दिसतं, त्यामुळे कुणी टोकतही नाही. पण रेललं की भार स्नायूंवरून निघून मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांवर बसतो. माझी कंबर तिथेच दुखत होती.

फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले तेव्हा वाटलं होतं, पोटाचे व्यायाम देतील. त्यांनी आधी उभं केलं आणि म्हणाल्या, “पोट आत ओढू नकोस. कुणीतरी बुक्का मारणार आहे असं समजून चारी बाजूंनी घट्ट कर. आता तसंच ठेवून माझ्याशी बोल.” बोलता येईना. मी श्वासच धरून ठेवला होता! घट्टपणा न सोडता श्वास चालू ठेवायचा, एवढं जमायला मला दोन आठवडे लागले. बाकी सगळं त्यामानाने सोपं गेलं.

आपण ‘कोअर’ म्हटलं की समोरचं पोट डोळ्यांपुढे आणतो. खरं तर तो एक डबा आहे : वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, भोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला आडवा स्नायू, मागे मणक्यांना बिलगलेले बारीक स्नायू. ढोलाचं पान सैल असेल तर कितीही जोरात मारा, आवाज फुटत नाही. इथेही तसंच. डबा ताणलेला असला की हाताचा जोर टिपरूत उतरतो, नाहीतर कंबरेच्या डुलण्यात वाया जातो. तिसऱ्या आठवड्यात हे कानांना कळलं. तेवढ्याच जोरात माझा ठोका स्वच्छ येऊ लागला होता.

व्यायाम तीनच, कॅनडातले पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी रूढ केलेले. कमरेखाली हात ठेवून डोकं-खांदे किंचित उचलणं, कुशीवर होऊन कोपरावर अंग उचलून धरणं, म्हणजे साइड प्लँक, आणि रांगण्याच्या स्थितीत विरुद्ध हात-पाय लांबवणं, म्हणजे बर्ड डॉग. प्रत्येक वेळी १० सेकंदच धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. थरथर होईपर्यंत ताणत बसायचं नाही.

फक्त मोजमापासाठी दर शनिवारी साइड प्लँक पूर्ण वेळ धरते. सुरुवातीला उजवी बाजू ४१ सेकंद, डावी २४. आता ६५ आणि ४७. हा फरक मला खटकतो. टिपरू कायम उजव्या हातात, थापी डाव्या हाताने, त्यामुळे धड एकाच बाजूला पिळत असणार असा माझा अंदाज आहे. डावीकडे रोज दोन फेऱ्या जास्त घालतेय.

बांधणीही बदलली. आधी दोर पोटाच्या मऊ भागावर यायचा, आता कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर टेकतो, आणि ढोल दोन बोटं जवळ आलाय. गुडघे ताठ न ठेवता किंचित सैल. कान, खांदा, खुबा आणि घोटा एका रेषेत आहेत का, हे आमच्या पथकातले दादा बाजूने बघून सांगतात. दिवसभर ऑफिसात बसून आल्यावर ती रेष पहिली दहा मिनिटं सापडतच नाही, म्हणून आता ढोल बांधायच्या आधी थोडं चालून घेते.

एक मात्र सांगते : दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर व्यायामाचा प्रयोग नको, आधी डॉक्टर.

हे सगळे आकडे स्थिर वादनाचे. चालत वादन पुढच्या रविवारपासून. परवा दोनशे पावलं चालून पाहिलं, तर वळणावर पुन्हा पोट पुढे गेलं आणि श्वास अडकला. तिथून पुढे लिहीन.