बाकीचे कोर जागे करताना: एपिक, ट्रॅम्पोलिन आणि गप्प बसणारा प्रोसेसर

माझा एक्स८६-६४ कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एका कोरवर नीट चालत होता. उरलेले कोर सुरू करायला घेतले, तेव्हा आधी इंटरप्टची (प्रोसेसरचं लक्ष वेधणाऱ्या सूचनांची) व्यवस्था जुन्या ८२५९ या इंटरप्ट कंट्रोलरवरून त्याच्या नव्या पर्यायावर, एपिकवर आणली. क्रम हाच हवा, कारण दुसऱ्या कोरला उठवणारा निरोप लोकल एपिकमधूनच, म्हणजे प्रत्येक कोरच्या स्वतःच्या एपिकमधूनच जातो.

८२५९च्या दोन चिप असतात, प्रत्येकीच्या ८ लाइन. एक लाइन दोघींना जोडण्यातच जाते, हाताशी उरतात १५. बायोस पहिल्या चिपला व्हेक्टर (इंटरप्टचे नंबर) ८ ते १५ देऊन ठेवतो आणि ८ हा तर प्रोसेसरच्या डबल फॉल्टचा, म्हणजे एका बिघाडात दुसरा बिघाड झाल्याचा नंबर. म्हणून ही चिप वापरायची नसली तरी ती आधी ३२ ते ४७वर हलवायची आणि मग दोन्ही मास्क रजिस्टरांत (लाइन दाबून ठेवणाऱ्या) २५५ लिहून बंद करायची. नुसती मास्क करून सोडली, तर लाइन ७वर कधीतरी खोटा इंटरप्ट येतो आणि कर्नल त्याला अपवाद समजतो.

कोर किती आणि कोणते, हे एसीपीआयच्या (फर्मवेअर हार्डवेअरची माहिती देतं ती पद्धत) एमएडीटी टेबलात मिळतं. नोंदी ४४व्या बाइटपासून सुरू होतात. प्रकार ० म्हणजे लोकल एपिक, १ म्हणजे आयओ एपिक (बाहेरच्या उपकरणांचे इंटरप्ट कोरकडे पाठवणारा), २ म्हणजे लाइनची बदललेली जागा. ज्या नोंदीच्या फ्लॅगचा बिट ० शून्य आहे, त्या कोरला हात लावायचा नाही. एपिक आयडी ०, १, २, ३ असे ओळीनेच असतील असं धरून चालू नये. मधले नंबर गळलेले असू शकतात. प्रकार २च्या नोंदी वगळण्याचा मोह होतो, पण जुन्या टायमरची लाइन ० बहुतेक ठिकाणी आयओ एपिकच्या पिन २वर आलेली असते. ती नोंद वाचली नाही, तर टायमरचा एकही टिक येत नाही.

लोकल एपिकचं पान कॅशिंग बंद ठेवूनच मॅप करायचं. स्प्युरियस (खोट्या इंटरप्टच्या) व्हेक्टर रजिस्टरचा बिट ८ चढवला, म्हणजे १ केला, की एपिक चालू होतो. प्रत्येक इंटरप्टच्या शेवटी, काम संपल्याची खूण म्हणून, लोकल एपिकच्या हेक्स बी० या ऑफसेटला शून्य लिहायचं. टायमर एकदाच वाजून गप्प झाला, तर हे लिहिणं राहिलंय असं समजावं. फक्त स्प्युरियस व्हेक्टरला ते लिहायचं नाही. आयओ एपिकची प्रत्येक नोंद ६४ बिटांची. त्यात वरचा अर्धा भाग, म्हणजे कोणत्या कोरकडे जायचं ते, आधी लिहावा आणि मास्क सगळ्यात शेवटी काढावा.

आता उठवण्याचं काम. जागा होणारा कोर सर्वांत आधी जो छोटा कोड चालवतो, म्हणजे ट्रॅम्पोलिन, तो ठेवायला पहिल्या १ एमबीमधलं एक मोकळं ४ केबीचं पान लागतं. मी हेक्स ८००० घेतलं, पण ते मेमरी मॅपमध्ये खरंच मोकळं आहे हे तपासून आणि अ‍ॅलोकेटरच्या यादीतून काढूनच. लोकल एपिकच्या हेक्स ३१०मध्ये समोरच्या कोरचा आयडी वरच्या ८ बिटांत लिहायचा, मग हेक्स ३००मध्ये हेक्स ४५००, म्हणजे इनिट (कोरला मूळ स्थितीत आणणारा निरोप). १० मिलिसेकंद थांबायचं. मग तिथेच हेक्स ४६०८, म्हणजे स्टार्टअप (दिलेल्या पानापासून धावायला लावणारा निरोप). शेवटचे ०८ म्हणजे पानाचा नंबर. २०० मायक्रोसेकंदांत उत्तर नाही आलं, तर तेच पुन्हा. कोर आधीच धावत असेल, तर दुसरा निरोप तो सोडून देतो.

कोर जागा होतो तो १९७८च्या ८०८६सारख्या रिअल मोडमध्ये, म्हणजे १६ बिटांच्या जुन्या पद्धतीत. पहिल्या कोरवर केलेली कोणतीही मांडणी त्याच्याकडे नसते, आणि निम्म्याहून जास्त अडचणी इथूनच येतात. सीएसमध्ये (कोडचा सेगमेंट) हेक्स ८०० आणि आयपीमध्ये (त्यातली जागा) शून्य असतो. लेबलं हेक्स ८०००पासून मोजली असतील, तर लगेच 'फार जंप' (सेगमेंटही बदलणारी उडी) घेऊन सीएस शून्य करायचा, डीएससुद्धा (डेटाचा सेगमेंट). नाहीतर जीडीटीचा (सेगमेंटांच्या टेबलाचा) पत्ता चुकीच्या जागेवरून वाचला जातो. पुढे ३२ बिट, पीएई (मोठ्या पत्त्यांची सोय), सीआर३ (पेज टेबलचा पत्ता ठेवणारं रजिस्टर), ईएफईआर (६४ बिट मोड चालू करणारं रजिस्टर), पेजिंग आणि मग ६४ बिट.

ट्रॅम्पोलिनमध्ये छापायला काही नसतं आणि बिघाड झाला की मशीन सरळ रिसेट होतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर सीरियल पोर्ट हेक्स ३एफ८वर एक अंक पाठवावा: रिअल मोडला १, ३२ बिटला २, पेजिंगनंतर ३, ६४ बिटला ४. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये केव्हीएम (खऱ्या प्रोसेसरची मदत) बंद करून इंटरप्ट आणि रिसेटचा लॉग चालू केला की शेवटचा फॉल्टही दिसतो.

१ आणि २ छापून रिसेट झालं, तर तीन गोष्टी पाहायच्या. पेज टेबलचा मूळ पत्ता ४ जीबीच्या खाली आहे का? ३२ बिट मोडमधून सीआर३मध्ये ३२ बिटच जातात. ट्रॅम्पोलिनचं पान जसंच्या तसं, त्याच पत्त्यावर मॅप झालंय का? आणि ईएफईआरमध्ये एनएक्सई बिट चढवलाय का, म्हणजे एनएक्स (पानातून कोड चालवायला मनाई) ही सोय चालू केलीय का? टेबलांत एनएक्स वापरला असेल आणि या कोरवर तो बिट नसेल, तर प्रोसेसरला ती नोंद बिघडलेली वाटते. पेज फॉल्ट, तो हाताळायला आयडीटी (इंटरप्टचं टेबल) नाही, म्हणून ट्रिपल फॉल्ट आणि रिसेट. तिसरं कारण सगळ्यात उशिरा सापडतं, कारण तेच टेबल पहिल्या कोरवर बिनतक्रार चालत असतं.

४ आलं की स्टॅक. प्रत्येक कोरला स्वतःचा हवा, आणि तो निरोप पाठवण्याआधीच ठरलेला हवा. मी एकेका कोरला उठवतो, तो 'आलो' म्हणेपर्यंत थांबतो, मगच पुढचा. लिनक्सने ६.५पासून हे काम समांतर केलंय, पण सुरुवातीला एकेक करणंच बरं. सी कोडमध्ये आल्यावर कोर स्वतःची जीडीटी आणि टीएसएस (इंटरप्टसाठीच्या स्टॅकचे पत्ते ठेवणारी) लावतो, आयडीटी सामाईक वापरतो, स्वतःचा लोकल एपिक चालू करतो, आणि मगच 'आलो' हा फ्लॅग चढवतो. फ्लॅग आधी चढवला, तर त्याला पाठवलेला पहिलाच आयपीआय (एका कोरने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट) वाया जातो.

यानंतर टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतराची प्रोसेसरमधली साठवण) साफ करायचा आयपीआय येतो. पाठवणारा कोर इतरांच्या उत्तराची वाट पाहतो. समोरचा इंटरप्ट बंद करून, पाठवणाऱ्याने धरलेल्याच स्पिनलॉकसाठी (मिळेपर्यंत फिरत राहायला लावणाऱ्या कुलपासाठी) फिरत असेल, तर दोघेही कायमचे अडकतात. त्यामुळे हा आयपीआय पाठवताना हातात असा कोणताही लॉक ठेवायचा नाही, जो दुसरा कोर इंटरप्ट बंद करून मागतो.